चांद्या आणि तुझी पाखरं

सोनाळा

प्रिय निशे,

तू रोज फोनवर आपल्या चांद्या बैलाचं विचारते अन् मी 'बरा आहे तो' म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात कोंबतो. म्हणून आज कागद घेतला. हसू नको, बापाचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे हे मले ठाऊक आहे.

सोयरे विचारतात पोरगी कुठं नोकरीले, अन् तुझ्या आईले सांगा लागते, प्राणिसंग्रहालयात गिधाडं वाढवते. अवं, गिधाडाचं नाव घेतलं तरी लोक थुंकतात! मीही चिडलोच होतो. गेल्या पोळ्याले तू ओट्यावर बसून समजावलं. दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन ढोराले देतात, ते ढोर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात. म्हणून उरलेल्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवून डोंगरात सोडा लागतात. तवा मले तुझी आजी आठवली. घरात दाणा नसतानाही मडक्यात राख घालून ठेवलेलं ज्वारीचं बियाणं तिनं कोणाले शिवू दिलं नाई. तू म्हटलं, आता थंड खोल्यांत बियाण्यांच्या बँका असतात. असतीन. पण आजी म्हणे, मडक्यातलं बियाणं वावरात उगवलं तवाच खरं. पंखाले पिवळे बिल्ले लावून तुझी पाखरं आपल्या डोंगरात सोडली, त्यात ते एक लंगडं, तवा तू रडली होती, आयतं खाल्लेली लेकरं बाहेर काय खातीन म्हणून. तवापासून मी डोंगराकडं पाहत राह्यतो.

चांद्या दुखण्यानं खाली बसला, उठेना, तवा डॉक्टरले बजावलं, ते इंजेक्शन नको, गिधाडाले चालते तेच दे. डॉक्टर हसला, पण दिलं.

पोरी, चांद्या गेला. फोनवर सांगताना मी रडलो असतो. आपल्या घरी बैल वावरात पुरतात, मीठ टाकून, झूल घालून. त्याच्या आधी गेलेल्या जोडीदाराशेजारी खड्डा खणला होता, तुझ्या आईनं ओवाळलंही. मग मले तुझी पाखरं आठवली. ट्रॅक्टरवर घालून त्याले डोंगराखालच्या पडीत रानात उघड्यावर ठेवलं. गाव म्हणते, कडूबानं लेकरासारखा वाढवलेला बैल फेकला. तुझी आई बोलत नाई. मी तिथं कुत्रे हाकलत बसलो, वर नुस्तं आभाळ. वाटलं, चांद्याची मातीही गेली अन् पाखरंही. आज सकाळी उतरली वं! पहिलं तुझं लंगडं, पंखावर पिवळा बिल्ला. मले पाहवलं नाई, पाठ फिरवली. पण पोट भरून खाल्लं त्यांनी. खड्ड्यात मी झूल तेवढी पुरली. यापुढं चांद्याचं विचारू नको. डोंगराकडं पाहून मीच सांगत जाईन, कसा आहे ते.

तुझाच बाप,
कडूबा