तिसरी मुदतवाढ

४ जानेवारी
चिरंजीवांची परदेशातल्या लष्करी तळावरची मुदत ३१ मार्चला संपते. दोनदा वाढली, आता वाढणार नाही. तोवर तीन कामे. त्याची खोली रंगवणे. स्वयंपाक शिकणे. चिडचिड बंद.
ही, त्याची आई, जाऊन सव्वा वर्ष झाले. घरात आवाज म्हणून नाही. आता होईल.

१२ जानेवारी
धाकटी बहीण आली होती. म्हणाली, दादा, परक्यांच्या बंदरावर पहारा द्यायला आपली पोरं कशाला हवीत, त्यांना हातपाय नाहीत का? मी म्हणालो, दोन देशांचा करार आहे, तुला नाही कळायचं. म्हणाली, मग घरावर पहारा कोण देणार, तू? उत्तर तयार होते. पण चिडचिड बंद आहे.
भात करपला. भांडे पातळ आहे.

३ फेब्रुवारी
रंग आणला, निळा. त्याला निळा आवडतो. बहीण म्हणाली, दहा वर्षांचा होता तेव्हा. आवड बदलत नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी
त्याचा फोन. मुदत आणखी सहा महिने वाढली. म्हणाला, वरून हुकूम आला, बाबा. आवाज अगदी प्रसन्न होता. दुःख लपवत असणार.
शेजारच्या शिंप्याचा मुलगा त्याच तुकडीतला. तो पहिली मुदत संपताच परत आला आणि मिशा वाढवून गावभर हिंडतो. त्याच्यासाठी हुकूम नाही?

२३ फेब्रुवारी
एकतीस वर्षे कचेरीत रजेचे टेबल सांभाळले. कागद कुठे अडतो ते मला कोणी शिकवायला नको. सैन्य मुख्यालयाला तक्रार लिहिली. चार पाने, सात मुद्दे. सातवा मुद्दा: सर्व संबंधित कागदांच्या प्रती जोडाव्यात. आता पळवाट नाही.
बहीण म्हणाली, आधी त्याला विचार तरी. मी म्हणालो, हुकमाचा ताबेदार तो, काय सांगणार? मग तिने भलताच विषय काढला. वहिनी गेल्याचं तू त्याला किती दिवसांनी कळवलंस? म्हणालो, सोळा. कर्तव्यावरच्या माणसाचे चित्त ढळू नये म्हणून. त्याला ते पटले होते. माझ्या पत्राला उत्तरही आले होते: ‘कळलं.’ सैनिक मोजकेच लिहितात.

१६ मार्च
उत्तर नाही. स्मरणपत्र धाडले. खोलीला दुसरा हात दिला. वासाने डोके धरले, दोन दिवस जिन्याशी झोपलो. अंडी उकडता येतात.

२ एप्रिल, सकाळी
मुख्यालयाचे उत्तर आले. अत्यंत सभ्य भाषा. ‘परदेशातील तळावर मुदतवाढ हुकमाने दिली जात नाही. सैनिकाने स्वतः अर्ज केल्यासच ती विचारात घेतली जाते. आपण मागितल्याप्रमाणे प्रती सोबत.’
तीन अर्ज. काहीतरी घोटाळा असणार. एकाच नावाची माणसे असतात.

त्याच दिवशी, दुपारी
सही त्याचीच. रकाना सहा, घरी परतण्याची निकड: नाही. तिन्हींवर नाही. रकाना नऊ, तातडीच्या प्रसंगी कोणास कळवावे: तिथे त्याच्या आत्याचे नाव.
वडील हा शब्द कुठेच नाही. पाठीमागेही पाहिले.

३ एप्रिल
बहिणीकडे गेलो. प्रती टेबलावर ठेवल्या. तिने चष्माही लावला नाही. म्हणाली, दर रविवारी फोन करतो मला. दर वेळी सांगते, बाबांना खरं सांग. म्हणतो, आत्या, तुला माझी शपथ.
मी विचारले, सख्ख्या भावापासून लपवलंस? म्हणाली, वहिनी गेली तेव्हा सोळा दिवस त्याच्यापासून लपवायला शपथ कोणी घातली होती? तुझी पाळली, त्याचीही पाळली. तो म्हणतो, आईला शेवटचं पाहता आलं असतं, विमान होतं, साहेबांनी रजाही दिली असती. बाबांनी रजा नाकारली.
मी अर्ज कधी पाहिलाच नव्हता, असे म्हणणार होतो. प्रती गोळा केल्या. तिने चहा टाकला. प्यायला थांबलो नाही.

१९ एप्रिल
त्याला तीनदा फोन केला. उचलत नाही. तिथे आता कामाची वेळ असेल. तीनही वेळा.

२६ एप्रिल
बहिणीला विचारले, रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा तुझ्याकडे येऊन बसलो तर चालेल का? बोलणार नाही. नुसते बसेन.
म्हणाली, त्याला विचारून सांगते.