सॉरी पुरलं नाही

२१ जानेवारी
ताईने यंदाचं हळदीकुंकू रद्द केलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. कारण मी. दिवाळी अंकातल्या माझ्या लेखातली बाई ओटीत आलेल्या ब्लाउजपीसला देणारीच्या नावाची चिठ्ठी टाचून ठेवते, पुढच्या वर्षी चुकून तिलाच परत जाऊ नये म्हणून. नाव बदललं होतं, तरी कल्याणात ताईच्या बिल्डिंगने ओळखलंच. आता बायका तिच्यासमोर ब्लाउजपीसचे कोपरे उलटून चिठ्ठी शोधतात नि हसतात. भाचीने सांगितलं.
मेसेज टाकला: सॉरी ताई. जोडलेले हात. निळ्या टिका आल्या.

२३ जाने.
ताईने फोन उचलला एकदाचा. "सॉरी काय गं? काल रिक्षाचा आरसा कोपराला लागला, तो रिक्षावालाही सॉरीच म्हणाला." ठेवला.
मग दिवसभर कान तिकडेच. इथे ठाण्यात टेंभी नाक्यावर धक्का, सॉरी. राँग नंबर, सॉरी. बँकेत "सॉरी मॅडम, सर्व्हर डाऊन." शेजारीण नातवाला, "आजोबांना सॉरी बोल." बोलला, आणि पुन्हा चावला.
पूर्वी पाय लागला की वाकून नमस्कार करायचो. आता सॉरी. कंबर वाचते.

२६ जाने.
इंग्रजीचा जाडा कोश काढला. वाटलेलं, सॉरी हा 'सॉरो'तून, म्हणजे दुःखातून आला असेल. नाही. मूळ 'सोअर'पाशी: जखम, ठणका. म्हणजे ज्याचं स्वतःचं दुखतंय त्याने म्हणायचा शब्द. माझं कुठे दुखत होतं? लेख छापून आला तेव्हा तीनदा वाचून हसले होते.

३० जाने.
कल्याण. बस माजिवड्याला अडकली, उतरून परत जायची फार इच्छा. नाही उतरले.
चहा मिळाला, बिस्किटं नाहीत. म्हटलं, "चुकलं माझं."
ताई: "मला कशाला सांगतेस? ज्यांनी वाचलं, त्यांना सांग."

२ फेब्रु.
अंकाच्या संपादकांना विचारलं, माफी छापाल का. म्हणाले, विनोदी असेल तर पाठवा. नसेल, म्हटलं. मग सॉरी, जागा नाही.
ठीक. रथसप्तमी परवा, तोवर हळदीकुंकू करता येतं. एक पान लिहिलं. चारदा, कारण तीनदा गमतीदारच झालं.

३ फेब्रु.
ताईची बिल्डिंग, तिचं सोडून सोळा घरं. बेल वाजवायची, उभ्याने वाचायचं. पहिल्या बाई, "अहो, आत तरी या." नाही गेले. चौथ्या दारी आवाज बसला. मागे वळले तर ताई जिन्यात, हाताची घडी घालून.
"मोठ्याने वाच. वरच्यांना ऐकू जात नाही."
उद्या हळदीकुंकू करणार का, ते काही कळलं नाही. बारा घरं बाकी होती. वर चढले.