पाठ असलेले बाक

प्रिय धाकटे,

गुरुवारचे फोटो मिळाले. आई नव्या चपला घालून मॉलमधल्या बाकावर बसलीय आणि शेजारी तू असे दात काढतेयस, जणू आई तुझ्या एकटीचीच. खरं सांगू? माझ्या पोटात दुखलं. दर गुरुवारी दुखतं. तरी मी मेली एकेक फोटो मोठा करकरून बघते. फोनवर बोलले असते, पण तू मध्येच हसतेस, म्हणून हे पत्र.

तुमच्या शहरातले सगळे मॉल पालथे घातल्याचं आई मला कौतुकाने ऐकवते. पहिला नंबर कुणाचा, तर जिथल्या बाकांना पाठ आहे त्याचा. दुसरा, जिथली लिफ्ट शोधत फिरावं लागत नाही त्याचा. दुकानांचं नावही नाही! माझ्या शहरातले मॉल मात्र तिच्या मते नुसतेच मोठे, बिनकामाचे.

असं ती का म्हणते, ते तिने तुला सांगितलं नसणार. गेल्या वर्षी ती माझ्याकडे दोन महिन्यांसाठी आली आणि नवव्या दिवशी परतली. तुला वाटलं, तुझ्यावाचून तिला करमेना. मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे, ती नको नको म्हणत असताना मी तिला सरकत्या जिन्याकडे ओढत नेलं. तेवढ्यात माझ्या लॅबमधून कामाचा फोन आला आणि मी तिचा हात सोडला. मी वर पोचले, आई खालीच. कठडा धरून उभी, मागे माणसं खोळंबलेली, कुणीतरी तिच्यावर खेकसलंसुद्धा. घरी आल्यावर तिने मला बोल लावला नाही, सरळ बॅग भरायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेले पाच रविवार मी इथले मॉल हिंडतेय, काहीही न घेता. प्रत्येक बाकावर बसून पाहिलं. एक मॉल सापडलाय. बाकांना पाठ आहे, लिफ्ट समोरच, आणि दारापासून पहिला बाक माझ्या चाळीस पावलांवर, म्हणजे तिच्या साठ. तुझ्या त्या लाडक्या मॉलच्या नाकावर टिच्चून पहिला नंबर!

आईला महिनाभर माझ्याकडे पाठव. ती तुझं ऐकते, माझं नाही, हेही मला सलतंच. पण आता तेच कामाला येऊ दे. आणि ज्यासाठी खरं तर लिहायला बसले, ते राहिलंच. फोटोत तिचा हात तुझ्या हातात असतो, कधी डावा, कधी उजवा. चालताना ती तुला कुठला हात देते, तेवढं कळव.

तुझीच,
जळकुकडी ताई