दाण्याच्या ड्रेसिंगमधलं दही

बुधवार, संध्याकाळ

काल मी लिहिलं की काकडीवरचं ड्रेसिंग निव्वळ दाण्याचं होतं. ते खोटं आहे. भिजवलेले शेंगदाणे, जिरं, मिरची मिक्सरमध्ये लोण्यासारखी झाली, पण लिंबू संपलं होतं. आंबटपणासाठी एक चमचा दही घातलं.

बाबा अर्धांगवायूतून उठेपर्यंत आईने दूध-दही सोडलंय. तिला कोरडी काकडी चघळताना बघवेना, म्हणून तर मोबाइलवर बघून हा खटाटोप.

"लई दिसांनी घास ग्वाड लागला," ती म्हणाली. "दही न्हाई ना गं यात?"

"न्हाई, आई."

"मग घरात पहिली शिकलीस त्याचं चीज झालं म्हणायचं."

एकच चमचा. पण विचारल्यावर तरी खरं सांगायला नको होतं?

आज बाबांची जीभही जड झाली. डॉक्टर गेल्यावर आई उशाशी बसून म्हणत होती, "माझ्याकडून काय चुकलं?" माझा नवसावर विश्वास आहे का, माहीत नाही. तिचा आहे. सांगितलं तर ती स्वतःलाच दोष देईल. नाही सांगितलं तर रविवारी नारायणगडावर देवापुढे हात जोडून म्हणेल, नेम मोडला नाही. माझं खोटं, तिच्या तोंडून.

शनिवारी सकाळी, ती गडासाठी पिशवी भरायच्या आत, सांगणार.