चौथीच्या वर्गातला मुक्काम

प्रिय ताई,

फोनवर धड बोलणं होतच नाही. चार्जिंगला रांग असते, मागे माणसं ताटकळलेली, म्हणून मी दोन शब्द बोलून ठेवून देते. आज जरा टेबल मोकळं मिळालंय, तर लिहिते.

चक्रीवादळाला आज बारा दिवस झाले. शाळेतल्या माझ्या चौथीच्या वर्गात सात कुटुंबं राहतायत. फळ्यावर भागाकाराऐवजी कोणाला कुठलं औषध लागतं ते लिहिलंय. सकाळी पाण्याचा टँकर, मग आलेल्या कपड्यांची निवडानिवड, मग कोणाची तरी समजूत काढणं. देणारेही एकेक असतात बघ. परवा एका पोत्यातून झगमगीत सूट निघाला. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तो उसवून पोरांच्या चड्ड्या शिवल्या. त्यामुळे सध्या पाण्याच्या रांगेत सगळ्यात रुबाबदार मंडळी पाच वर्षांखालची आहेत.

हो, त्याच काकू. सांडपाण्यावरून भांडून आईशी नऊ वर्षं न बोललेल्या. त्या सकाळी आपले पत्रे उडायला लागले, तेव्हा मी शाळेत अडकले होते. काकू आणि काका भर वाऱ्यात आले आणि आईला सतरंजीत घालून त्यांच्या घरी घेऊन गेले. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "तुमचा चहा फार गोड असतो." काकू म्हणाल्या, "मग उद्या तुम्ही करा." अबोला सुटला तो असा. अजून आई त्यांच्याकडेच आहे, त्यांच्या एकुलत्या एका कोरड्या खोलीत.

बाहेरगावाहून मदतीला आलेल्यांत एक वायरमन होता. इतका उंच, की पोरं त्याला शिडी म्हणायची. आपल्या गल्लीत आडवं पडलेलं झाड त्याने आणि गावातल्या सुताराने दोन दिवस करवतीने कापलं. जेवायला बसायचा तर ताट हातात घेऊन डुलक्या काढायचा. मी एकदा म्हटलं, दादा, आता घरी जाऊन झोपा, घरचे वाट बघत असतील. तो म्हणाला, बायको-मुली मेव्हण्याकडे आहेत, घर समुद्रात गेलं. मग खाली बघत म्हणाला, "तिथे हाताला काही कामच उरलं नाही, बाई." मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला, तेवढंच.

वादळाच्या दिवसापासून मी नुसती स्वतःला ओढतेय, ताई. कोणी काही मागितलं की देते, विचारलं की सांगते. काल एका आजींच्या गोळ्या दुसऱ्याच आजींना द्यायला निघाले होते. काकूंनी मनगट धरलं आणि मला कपड्यांच्या ढिगावर नेऊन बसवलं. तिथेच चार तास झोपले.

तुला मी नुसते पत्रे उडाले म्हणून सांगितलं, येऊ नकोस म्हटलं. ते खोटं होतं. मागची भिंत पायापासून सरकलीय. तपासणीवाले इंजिनियर दारावर लाल फुली मारून गेले. सोमवारी घर पाडणार. आईला मी सांगितलंय. ती म्हणाली, मी बघायला येणार नाही, तू जा. शिडी आज बायको-मुलींकडे निघालाय, हे पत्र घेऊन तुझ्याच गावावरून पुढे जाणार आहे, म्हणून घाईने लिहितेय. इथे मदतीला माणसं पुष्कळ आहेत, काम करायला येऊ नकोस. मला एकटीला ते बघवणार नाही. नुसती शेजारी उभी राहायला ये.

तुझीच,
धाकटी