चामुंडीचा डोंगर आणि माझी अट

२० जून, गुरुवार
बंगळूरूहून विनुताचा फोन. लेक आहे, पण बोलते इन्स्पेक्टरसारखी. शेजारच्या सरोजम्माने तिला कळवलंय म्हणे, की मी न्हाणीघरात पडले. पडले नव्हते. खाली बसले होते, जरा घाईने. अम्मा, पुरे झालं एकटीने राहणं, माझ्याकडे चौदाव्या मजल्यापर्यंत लिफ्ट आहे, म्हणाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं मी लोकांना होल्डवर ठेवलंय. तिलाही ठेवलं, पाणी प्यायले आणि अट घातली. आषाढाच्या पहिल्या शुक्रवारी चामुंडीच्या डोंगराच्या हजार पायऱ्या मी चढणार. चढले, तर मैसूरचं घर सोडायचा विषय कायमचा बंद. नाही चढले, तर मी बॅग भरीन.
ती हसली. नोंद घेतली आहे.

२१ जून
सराव सुरू. रोज गच्चीचा जिना दहा वेळा. आज एकदा. वर कपडे वाळले होते, ते खाली आणणं भाग होतं. ओझं घेऊन उतरणं म्हणजे पाच वेळा धरायला हरकत नाही.

२६ जून
जिना: शून्य. पाऊस. गुडघा नुसता वाजतो, दुखत नाही. पियानोही वाजतो, त्याला कोणी ऑपरेशन सांगत नाही.

२९ जून
सरोजम्मा काठी घेऊन आली. वय एकाहत्तर, दर रविवारी डोंगर चढते आणि सोमवारी सगळ्या गल्लीला सांगते. अक्का, लाजू नका, देवीच्या हातातही त्रिशूळ आहेच की, म्हणाली. काठी परत पाठवली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमेना आम्हाला डोक्यावर डिक्शनरी ठेवून चालायला लावायच्या. वाकायचं कसं, हे आम्हाला शिकवलंच नाही.

४ जुलै
युक्ती सुचली. नवसाच्या बायका लावतात तसं प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढायचं. नुसती थांबले तर लोक म्हणतील, दमली. बोटाला कुंकू असलं की तीच भक्ती. आणि भक्ती आहेच माझ्यात. अकरा वर्षं मेरीमातेची गाणी म्हटली, आता या आईची पाळी. सरोजम्माने बजावलं, एकदा सुरू केलं की एकही पायरी सुटता कामा नये, अर्ध्यात सोडणं वाईट. मी अर्ध्यात सोडणाऱ्यांतली दिसते का?

१२ जुलै, शुक्रवार
पहाटे साडेपाचला पायथा. ही गर्दी! विनुता रजा न टाकता आली होती. दुपारी मीटिंग आहे, तोवर आटप, म्हणाली.
पहिल्या पन्नास पायऱ्या उत्तम. वाकायचं, लावायचं, उठायचं. यातल्या पहिल्या क्रियेचा विचार आधी करायला हवा होता. दोनशे चौदाव्या पायरीवर वाकले आणि तशीच राहिले. मागून एक बाई ओरडली, अज्जी, सरका पुढे, देवी वर आहे, तिथे काय शोधताय? अज्जी! मला तिचे फक्त पाय दिसत होते, आणि ते पायही साठीच्या खालचे नव्हते. मग नंजनगूडच्या कोणी एकीला वाटलं मी ध्यानात आहे. ती पाया पडली. तिच्यामागून सहासात जणी पडल्या. सगळ्यांना आशीर्वाद दिले, जमिनीकडे बघत.
शेवटी दोन स्वयंसेवकांनी हातांची खुर्ची करून मला खाली आणलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, उतरते आहे मी, तुम्ही फक्त सोबतीला.
हळदकुंकवाचं ताट मात्र विनुताने घेतलं. अर्ध्यात सोडायचं नसतं ना, म्हणाली. या कशावर तिचा विश्वास नाही. मीटिंग बुडवली. अडीच वाजता परत आली, बोटं पिवळी, पाठ धनुष्यासारखी. मी म्हटलं, सरळ उभी राहा. ती म्हणाली, अम्मा, एकही सुटली नाही.
बंगळूरूचं नाव काढलं नाही. इतके तास मी उत्तरं तयार करून बसले होते.

१३ जुलै
आजही नाही काढलं. माझी कंबर शेकली, इडल्या करून ठेवल्या, दुपारच्या गाडीने गेली. अशी वागली तर माणसाने भांडायचं कसं?

२८ जुलै, बंगळूरू
चार दिवसांसाठी आले आहे. तेही माझ्या मर्जीने, कोणी बोलावलं नव्हतं. अगदी गरजेचंच आणलंय: कुकर, शिवणयंत्र, देव्हारा, तुळस, हिवाळ्याची रजई. मैसूरच्या घरात एक नवराबायको ठेवलेत, अकरा महिन्यांच्या करारावर. बंद घराला कुबट वास येतो म्हणून. दुसरं काही कारण नाही.