फिकट निळा

ताई,

तू दवाखान्यातून घरी येणार म्हणून दाजींनी मला तुमची मागची खोली रंगवायला बोलावलं. म्हणाले, "फिकट निळा द्या. निळ्यात माणूस शांत राहतं."

मी म्हटलं, "निळ्या भिंतींनी ताईला लहानपणापासून हुडहुडी भरते. पिवळा देऊ."

दाजी हसले. "पिवळ्यानेच डोक्यावर चढून बसलीय."

मी ब्रश निळ्यात बुडवला.

दाराला नवी कडी दिसली, बाहेरून. दाजी म्हणाले, "तीही निळीच करा, उठून दिसायला नको."

रंगवायला कडी सोडवली, तर खाली जुन्या कडीची भोकं, आतून धक्के मारून उखडल्यासारखी.

तुला चिठ्ठी द्यायची तर दाजींच्याच हातून, म्हणून ही माझ्याच खिशात राहील. कडीही. उद्या तुला न्यायला त्यांच्याआधी मी पोचतो.

तोवर शांत राहा.

तुझा रंगारी भाऊ